दुकानाची जागा आणि चोरीचे आकडे



नवे दुकान मांडावयाचे ठरले म्हणजे आपल्याकडचा व्यापारी जागेविषयी चार गोष्टी उघडपणे विचारतो. भाडे किती, रस्त्याला वर्दळ कशी, गिऱ्हाईक कोणत्या थरातले, शेजारी कोण. पाचवी गोष्ट मात्र तो जरा आवाज खाली आणून विचारतो : "इकडे चोऱ्यामाऱ्यांचे कसे काय?" या प्रश्नाला घरमालकापासून पानवाल्यापर्यंत प्रत्येकाजवळ उत्तर तयार असते आणि एकाचे उत्तर दुसऱ्याच्या उत्तराशी जुळत नाही. घरमालकाच्या आठवणीत वीस वर्षांत त्या गल्लीतून टाचणीसुद्धा हरवलेली नसते. समोरच्या दुकानदाराला मात्र गेल्या दिवाळीपासून फुटलेली कुलुपे तोंडपाठ असतात. अशा वेळी आकडेवारीचा आधार घ्यावा, हे कोणालाही सुचेल. आज ते नुसते सुचत नाही, त्याचा व्यवसायच झाला आहे. एखादा पत्ता दिला की त्या जागेचा गुन्हेगारीचा अंक काढून देणाऱ्या कंपन्या अमेरिकेत आहेत. सरासरी १०० धरावयाची; तुमच्या जागेचा अंक ३०० आला तर धोका तिप्पट, ५० आला तर निम्मा. मोठे व्यापारी आणि बँका हे अंक विकत घेतात आणि पहारेकरी कोठे ठेवावा, कॅमेरे कोठे लावावेत, शाखा कोठे काढूच नये, हे त्यावरून ठरवितात. ही भाषा आपल्याकडेही आता ऐकू येऊ लागली आहे.

शासकीय सेवेत असल्यामुळे आकड्यांशी माझा रोजचा संबंध येतो. आकडा खोटे बोलत नाही, असे लोक म्हणतात. ते खरेही असेल. पण आकडा केवळ विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देतो, आणि आपण नेमका कोणता प्रश्न विचारला हे पुष्कळदा विचारणाऱ्यालाच ठाऊक नसते. जागेच्या धोक्याचा अंक काढताना हे फार जाणवते. तो अंक जागेचा आहे, तेथे राहणाऱ्या माणसांचा आहे, की ठाण्यातल्या नोंदवहीचा आहे, हे आधी पाहिले पाहिजे.

मी ज्या शहरातून बोलत आहे ते रायपूर या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. नागपूरकर भोसल्यांच्या अमलात छत्तीसगडचा कारभार रतनपुराहून चाले. १८१८ नंतर इंग्रज अधीक्षकांनी तो रायपूरला आणला. मराठी कुटुंबे तात्यापाऱ्यासारख्या वस्त्यांतून स्थिरावली. पुढे १ नोव्हेंबर २००० रोजी शहर राज्याची राजधानी झाले आणि भराभर वाढले. आज येथे गोलबाजारातील दाटीचा किरकोळ व्यापार आहे, सदर बाजारातील सराफी पेढ्या आहेत, पंडरीचा कापडबाजार आहे, उरला आणि सिलतरा येथील लोखंडाचे कारखाने आहेत, आणि नवा रायपूरचे रुंद, संध्याकाळनंतर निर्जन होणारे रस्ते आहेत. गोलबाजारातल्या दुकानदाराला गर्दीतल्या खिसेकापूची काळजी. सराफाला दोन बायका गिऱ्हाईक म्हणून येऊन ट्रेमधली अंगठी बदलतील, याची काळजी, आणि त्याहून मोठी काळजी रात्री तिजोरीवर कोणी चालून येईल याची. कापडाच्या व्यापाऱ्याचे लक्ष गोदामाच्या मागच्या भिंतीवर. कारखानदाराच्या आवारातून तांब्याची केबल आणि भंगार जाते, आणि ते बहुधा आतल्या माणसाच्या संगनमताशिवाय जात नाही. ही सगळी भये एका अंकात कोंबली, तर तो अंक यांतील कोणाच्याच उपयोगाचा राहत नाही.

जागेवरून चोरीचा हिशेब मांडणे ही कल्पना परदेशातून आली, असे समजण्याचे मात्र कारण नाही. मराठेशाहीत गावात चोरी झाली म्हणजे जागल्या किंवा रामोशी चोराच्या पावलांचा माग काढीत शिवेपर्यंत जाई. माग शिव ओलांडून पलीकडे गेला, की तो शेजारच्या गावाच्या राखणदाराच्या हवाली करावयाचा, आणि जबाबदारीही त्याच्याबरोबर पलीकडे जावयाची. ज्या गावात माग नाहीसा होई त्या गावाने चोर तरी द्यावा किंवा मालाची भरपाई करावी. एल्फिन्स्टनने १८१९ च्या आपल्या अहवालात या व्यवस्थेची दखल घेतली आहे, आणि त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 'गावगाड्या'त गावच्या या राखणदारांविषयी पुष्कळ वाचावयास मिळते. या पद्धतीत जुलूम होता. निरपराध गावावर भुर्दंड पडे. परंतु तिच्या मुळाशी एक नेमका विचार होता. चोरी एका विशिष्ट वाटेने, विशिष्ट वेळी होते, आणि ती वाट कोणीतरी राखावयाची असते, हा तो विचार. छत्तीसगडच्या खेड्यांतून कोटवार आजही आहे. गावात काही घडले म्हणजे ठाण्याला खबर देणे हे त्याच्या कामांपैकी एक. आकडेवारीच्या लांबलचक साखळीची पहिली कडी पुष्कळदा हा माणूस असतो.

युरोपात ही विद्या फ्रान्समध्ये जन्मली. तेथील न्यायखात्याने १८२५ सालापासूनचे फौजदारी खटल्यांचे आकडे प्रसिद्ध करण्यास सुरुवात केली, आणि आंद्रे-मिशेल गेरी नावाच्या तरुण वकिलाने १८२९ साली एका भूगोलतज्ज्ञाच्या साहाय्याने त्या आकड्यांचे नकाशे काढले. लोकांची अपेक्षा अशी की, जेथे दारिद्र्य आणि अज्ञान अधिक तेथे चोरीही अधिक असणार. नकाशा पाहतात तो उलटाच प्रकार! मालमत्तेचे गुन्हे संपन्न आणि सुशिक्षित उत्तरेकडे अधिक दिसले, गरीब जिल्ह्यांत कमी. विचार केला तर यात नवल नाही. चोरी होते ती जेथे चोरण्यासारखे काही असते तेथे. पण ही साधी गोष्ट पटण्यासाठी नकाशा काढावा लागला, आणि मला वाटते, पुष्कळांना ती अद्यापि पटलेली नाही.

आता आपल्या आकड्यांकडे येऊ. आपल्या देशात 'क्राइम इन इंडिया' हा वार्षिक अहवाल १९५३ सालापासून निघतो. १९८६ मध्ये राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग स्थापन झाला, आणि २००९ मध्ये मंजूर झालेल्या योजनेने ठाणी संगणकाने एकमेकांस जोडली गेली. साहित्य विपुल आहे. पण या साहित्याचा कच्चा माल म्हणजे ठाण्यात लिहिलेली प्रथम खबर, आणि ती लिहिली जाण्यापूर्वीच हिशेबात गळती सुरू होते. गल्ल्यातून दोन हजार रुपये गेले, तर दुकानदार ठाण्याची पायरी चढत नाही. दिवस मोडतो, आणि पुढे साक्षीला बोलावतील ही धास्ती. विमा असेल तर मात्र तो आवर्जून जातो, कारण खबरेच्या नकलेवाचून दावा मंजूर होत नाही. याचा अर्थ, जेथे विमा उतरविण्याची चाल अधिक तेथील चोऱ्या कागदावर अधिक दिसणार! दखलपात्र गुन्ह्याची खबर नोंदविलीच पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली ललिता कुमारी खटल्यात बजावले. दिल्ली पोलिसांनी २०१५ साली वाहनचोरीची खबर घरबसल्या देण्याची सोय केली, आणि दिल्लीच्या कोष्टकातील चोरीचे मोठे आकडे वाचताना ती सोय लक्षात ठेवावी लागते. गुन्हे वाढणे आणि गुन्ह्यांची नोंद वाढणे या भिन्न गोष्टी आहेत, असा इशारा खुद्द विभागच आपल्या अहवालात देतो. तो इशारा वाचण्याची तसदी वर्तमानपत्रांतील मथळे लिहिणारे घेत नाहीत.

दुसरी अडचण वर्गीकरणाची. एका खबरेत अनेक गुन्हे असतील, तर राष्ट्रीय कोष्टकात त्यांतील सर्वांत गंभीर तेवढा मोजतात. चोराने दुकान फोडले आणि पहारेकऱ्याचा जीव घेतला, तर ती घटना खुनाच्या रकान्यात जाते आणि चोरीच्या रकान्यातून नाहीशी होते. शिवाय कायदा गुन्ह्याची गंभीरता पाहतो. पाच किंवा अधिक जण मिळून लुटीस आले तर तो दरोडा, चौघे आले तर ती जबरी चोरी. दुकानदाराला हा भेद काय करावयाचा? त्याला हवे असते ते हे की, माणूस आत कोठून शिरला. पत्र्यातून, भिंतीतून, की पुढच्या दारातून बनावट किल्लीने. हे पंचनाम्यात लिहिलेले असते. कोष्टकात येत नाही. पंचनामा वाचण्याचा कंटाळा करून जो केवळ कोष्टक वाचतो, त्याला चोऱ्यांची संख्या कळते, चोरी कळत नाही.

यापुढची गोष्ट समजण्यासाठी एक काल्पनिक उदाहरण घेतो. आकडे सोयीसाठी योजलेले आहेत. समजा, एका जुन्या बाजारात वर्षाला ४० चोऱ्या नोंदल्या गेल्या आणि नव्या वसाहतीतल्या बाजारात १०. कोणीही म्हणेल, जुना बाजार चौपट वाईट. आता दुकाने मोजा. जुन्या बाजारात ८०० आहेत, नव्यात १००. म्हणजे जुन्यात वीस दुकानांमागे एक चोरी, नव्यात दहांमागे एक. पारडे फिरले. आता पंचनामे उघडा. जुन्या बाजारातल्या ४० पैकी ३० चोऱ्या गिऱ्हाइकांच्या खिशातल्या; दुकाने फुटली ती केवळ १०, म्हणजे ऐंशी दुकानांत एक. नव्या बाजारात मात्र दहाही दुकाने फोडलेलीच. पारडे आणखी खाली गेले. एवढ्यावर थांबलो, तर नव्या बाजारात दुकान घेऊ नये, असाच सल्ला कोणी देईल. पण पत्ते लावून पाहिले तर त्या दहांपैकी सहा चोऱ्या तीनच दुकानांत झाल्या आहेत, आणि त्या तिन्ही दुकानांची पाठ एका अंधाऱ्या बोळाला लागून आहे. उरलेल्या ९७ दुकानांत चार चोऱ्या. चोवीस दुकानांत एक. म्हणजे धोका बाजाराला नव्हताच. बोळाला होता, आणि तेथे दिवा लावणे महानगरपालिकेच्या हातात होते.

भागाकारातील खालचा आकडा कोणता घ्यावा, यावर ही सारी विद्या उभी आहे. सरकारी दर एक लाख लोकसंख्येमागे काढतात, आणि २०२१ ची जनगणना झालीच नसल्यामुळे ती लोकसंख्याही २०११ च्या पायावर अंदाजाने काढलेली. गोलबाजारासारख्या ठिकाणी रात्री राहणारी माणसे थोडी आणि दिवसा येणारी अगणित. रहिवाशांच्या संख्येने भागले, तर असा प्रत्येक बाजार चोरांचे आगर ठरेल. आणि दुसऱ्या टोकाला, आकडे लहान असले म्हणजे योगायोगच राज्य करतो. एका वर्षी दोन चोऱ्या, पुढच्या वर्षी चार. बातमी येते की चोऱ्या दुप्पट झाल्या. तिसऱ्या वर्षी कॅमेरे बसवितात, चोऱ्या पुन्हा दोनवर येतात, आणि कॅमेरे विकणारा आपला फोटो छापून आणतो. कॅमेरे निरुपयोगी आहेत, असे मला म्हणावयाचे नाही. पण त्या वर्षी कॅमेरे न बसविताही चोऱ्या दोनवर आल्या असत्या, हा संभव कोणी तपासलेला नसतो.

जागेइतकीच वेळही फसवी आहे. दुकानदार शनिवारी रात्री नऊला कुलूप लावतो, सोमवारी सकाळी दहाला उघडतो आणि माल गेलेला पाहतो. चोरी या ३७ तासांत केव्हातरी झाली. पण नोंद करणाऱ्याला एक वेळ लिहावी लागते, आणि पुष्कळदा ती उघडकीस आल्याची लिहिली जाते. असे शंभर कागद संगणकाला दिले, की तो गंभीरपणे सांगतो : या बाजारात चोऱ्या सोमवारी सकाळी दहाच्या सुमारास होतात. मग गस्त त्या वेळी पाठवावयाची काय? चोर त्या वेळी घरी झोपलेला असतो. यावर उपाय आहे आणि तो साधा आहे. प्रत्येक चोरी त्या ३७ तासांवर सारखी वाटून टाकावयाची, प्रत्येक तासाला एक-सदतिसांश. अशा अनेक चोऱ्यांचे अंश एकमेकांवर रचले, म्हणजे ज्या तासांत ते पुनःपुन्हा येतात ते तास हळूहळू वर उठून दिसू लागतात. इंग्रज संशोधकांनी १९९८ च्या सुमारास ही रीत रूढ केली. ती समजण्यास अपूर्णांकांपलीकडे काही लागत नाही.

गुन्हा जागेवर किती आटोपशीर साचतो, याचा सर्वांत प्रसिद्ध दाखला अमेरिकेतील मिनिआपोलिस शहराचा. लॉरेन्स शर्मन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ साली दाखविले की, पोलिसांना आलेल्या बोलावण्यांपैकी सुमारे निम्मी शहरातील केवळ तीन टक्के पत्त्यांवरून आली होती. बदनाम समजल्या जाणाऱ्या वस्तीतसुद्धा बहुतेक पत्ते वर्षभर शांत असतात. त्याच्या दहा वर्षे आधी कोहेन आणि फेल्सन या दोघांनी सांगून ठेवले होते की, गुन्हा घडण्यास तीन गोष्टी एका जागी, एका वेळी याव्या लागतात : करण्यास तयार असलेला माणूस, उचलून नेण्याजोगी वस्तू, आणि राखणदाराची अनुपस्थिती. पहिली गोष्ट दुकानदाराच्या हातात नाही. उरलेल्या दोन पुष्कळ अंशी आहेत.

इंग्लंडमधील रोचडेलजवळच्या कर्कहोल्ट या कामगारवस्तीत १९८६ साली जे झाले ते मला या सगळ्यात अधिक शिकविणारे वाटते. तेथे घरफोड्या फार होत. अभ्यासकांनी चोरी झालेल्या घरांची यादी काढली, तेव्हा दिसले की एकदा फुटलेले घर थोड्याच दिवसांत पुन्हा फुटते. चोराला वाट ठाऊक झालेली असते. आणखी खोलात गेल्यावर कळले की, पुष्कळ घरांत वीज आणि गॅस यांचे नाणी टाकावयाचे मीटर होते. म्हणजे प्रत्येक घरात कंपनीने एक छोटी पैशाची पेटीच भिंतीला लावून ठेवली होती. ते मीटर काढले, चोरी झालेल्या घराच्या आजूबाजूच्या पाचसहा घरांनी त्या घरावर नजर ठेवण्याचे पत्करले, आणि तीन वर्षांत घरफोड्या सुमारे चौथाईवर आल्या. वस्ती तीच, माणसे तीच, गरिबी तीच. कर्कहोल्टला अंक दिला असता तर तो भयंकर आला असता, आणि त्या अंकात मीटरचा उल्लेखही नसता.

आपल्याकडचे एक अलीकडचे उदाहरण पाहा. सप्टेंबर २०२३ मध्ये दिल्लीत जंगपुऱ्याच्या भोगल बाजारातील एका सराफी दुकानात वीस कोटींहून अधिक किमतीचा माल गेल्याची बातमी देशभर गाजली. दुकान रविवारी संध्याकाळी बंद झाले होते. सोमवार बाजाराच्या सुटीचा. मंगळवारी सकाळी उघडून पाहतात तो तिजोरीच्या खोलीच्या भिंतीला भगदाड. वाट शेजारच्या इमारतीच्या गच्चीवरून होती. काही दिवसांतच बिलासपूर पोलिसांनी संशयिताला छत्तीसगडात पकडले आणि सोनेही पुष्कळसे हाती लागले. आता भोगलच्या रहिवाशांचे उत्पन्न, शिक्षण, घरे यांचे कितीही आकडे गोळा केले असते, तरी त्यांतून हे कळले असते काय? धोका शेकडो कोसांवरून आला होता. जवळ होती ती भिंतीची जाडी, गच्चीचे जोडलेपण आणि सुटीचा दिवस. त्याच महिन्यात आमच्याकडे रायगड शहरात (कोकणातला नव्हे, छत्तीसगडातला) एका बँकेच्या शाखेवर सकाळी, उघडण्याच्या वेळी सशस्त्र दरोडा पडला, आणि आरोपी झारखंडच्या दिशेने जाताना राज्याच्या दुसऱ्या टोकाला सापडले. तेथेही तास महत्त्वाचा होता. बँक उघडताना किल्ल्या, कर्मचारी आणि रोकड एका जागी येतात आणि गिऱ्हाईक अजून आलेले नसते.

यावरून एक प्रशासकीय गोष्ट सांगावीशी वाटते. फेब्रुवारी २०२५ पासून छत्तीसगडात नवा दुकाने व आस्थापना कायदा अमलात आला आणि दुकाने आठवड्याचे सातही दिवस, चोवीस तास उघडी ठेवण्याची मुभा मिळाली. साप्ताहिक सुटीचा तो लांब, अंधारा टप्पा काही दुकानांपुरता संपेल. पण रात्री दोन वाजता औषधांच्या दुकानात एकटा बसलेला पोरगा ही नवी गोष्ट निर्माण होईल. मालाचा धोका कमी होऊन जिवाचा वाढेल. जुन्या दहा वर्षांच्या आकड्यांत त्या पोराचा मागमूस नाही, कारण तेव्हा तो तेथे नव्हताच. आकडेवारी मागे पाहून पुढचे सांगते, आणि मध्ये कायदा बदलला की तिची वाट चुकते.

आता ज्या गोष्टीसाठी हा विषय मला महत्त्वाचा वाटतो तिच्याकडे येतो. काही जोखीम-अंकांत गुन्ह्यांच्या नोंदींबरोबर वस्तीतील लोकांची माहितीही मिसळतात : उत्पन्न किती, घर स्वतःचे की भाड्याचे, लोक एका जागी किती दिवस टिकतात. विकत घेणाऱ्याला हे घटक दिसत नाहीत. त्याला फक्त ३०० दिसतात. मग त्या वस्तीत बँकेची शाखा निघत नाही, मोठे दुकान येत नाही, विम्याचा हप्ता वाढतो, आणि तेथील पत्ता अर्जावर लिहिणाऱ्या मुलाकडे नोकरी देणारा जरा वेगळ्या नजरेने पाहतो. अमेरिकेत १९३० नंतरच्या दशकात गृहकर्जासाठी शहरांचे नकाशे काढून काही वस्त्या तांबड्या रंगाने रंगविल्या गेल्या. त्यांत कृष्णवर्णीयांच्या वस्त्या मोठ्या प्रमाणात होत्या. आपल्याकडेही 'निगेटिव्ह एरिया' हा शब्द कर्ज देणाऱ्या संस्थांच्या कार्यालयांत अपरिचित नाही. त्या यादीत आपले नाव आहे हे वस्तीला कोणी कळवीत नाही, आणि काढून घेण्यासाठी अर्ज कोठे करावा हेही कोणास ठाऊक नसते.

मराठी माणसाला याची आठवण दूर जाऊन शोधावी लागत नाही. इंग्रज सरकारने १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि जन्मावरून माणसांना चोर ठरविले. रोज हजेरी, परवानगीवाचून गाव सोडावयाचे नाही, सोलापुरासारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणातली वसाहत. तो कायदाही नोंदींवरच उभा होता. ठाण्यात ज्यांची नावे अधिक, त्यांच्यावर नजर अधिक; नजर अधिक म्हणून अटक अधिक; अटक अधिक म्हणून नावे अधिक. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो रद्द झाला, परंतु लक्ष्मण गायकवाडांच्या 'उचल्या'ने १९८७ साली दाखवून दिले की, कायदा गेल्यावरही नोंदवही लवकर मिटत नाही. आज तेच चक्र यंत्राने फिरू शकते. पूर्वीच्या अटकांवरून यंत्र सांगते, गस्त अमक्या मोहल्ल्यात घाला. गस्त जेथे जाते तेथेच गुन्हे दृष्टीस पडतात. ते पुन्हा यंत्राला दिले जातात आणि यंत्र म्हणते, पाहा, मी सांगितले नव्हते? कॅलिफोर्नियातील सांता क्रूझ शहराने ही भाकितपद्धती अगदी आरंभी स्वीकारली होती. २०२० साली त्याच शहराने तिला बंदी घातली. महाराष्ट्र शासनाने २०२४ साली पोलिसांच्या साहाय्यासाठी 'मार्व्हल' ही संस्था नागपुरात उभी केली आहे. तिच्या संगणकाला कोणत्या नोंदी खाऊ घातल्या जातात, हा प्रश्न नागपुरातील व्यापाऱ्यांनी आणि पारध्यांच्या पालांनी सारख्याच आस्थेने विचारण्याजोगा आहे.

माझे मत असे की, दुकानाचा धोका मोजताना राहणाऱ्या माणसांविषयीचा एकही रकाना ठेवू नये. हे मी केवळ न्यायाच्या दृष्टीने म्हणत नाही. तो रकाना कामाचाही नाही. वस्ती गरीब आहे असे कळले, तर दुकानदार काय करणार? वस्ती बदलता येत नाही. बोळात दिवा नाही, गच्च्या जोडलेल्या आहेत, रोकड रोज नऊ वाजता त्याच माणसाच्या हाती त्याच रस्त्याने जाते, हे कळले तर त्याला उद्याच काही करता येते. रोकड नेण्याची वेळ बदलण्यास खर्चही येत नाही.

यासाठी लागणारी माहिती मिळणे आता पूर्वीइतके कठीण नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली आदेश दिला की, नाजूक स्वरूपाचे गुन्हे वगळता प्रथम खबर चोवीस तासांत पोलिसांच्या संकेतस्थळावर ठेवावी. एखाद्या व्यापारी संघटनेने आपल्या ठाण्याच्या वर्षभराच्या खबरी वाचून काढण्याचे ठरविले, तर दोन हिशेबनीस आणि काही रविवार पुरेत. रस्त्यावरचे दिवे महानगरपालिकेला ठाऊक, वीज केव्हा जाते ते वीज कंपनीला, दारूचे दुकान कोठे आहे आणि केव्हा बंद होते ते अबकारी खात्याला. ही खाती एका टेबलाभोवती क्वचितच बसतात. व्यापाऱ्यांनी कागद समोर ठेवला तर बसतात, असे मी पाहिले आहे.

त्याबरोबर संघटनेने स्वतःची एक वही ठेवावी. तीत वेळेचे दोन रकाने असावेत : शेवटचे सर्व ठीक पाहिले ती वेळ आणि चोरी उघडकीस आली ती वेळ. शिरण्याची वाट शब्दांत लिहावी. गेलेल्या मालाचे नाव लिहावे, किंमत लिहिली नाही तरी चालेल. किंमत प्रत्येकजण विम्याच्या मानाने सांगतो. आणि एक रकाना फसलेल्या प्रयत्नांसाठी ठेवावा. सकाळी शटर किंचित वाकलेले दिसते, कुलपावर ओरखडे असतात, मागच्या खिडकीचा एक गज हललेला असतो. माल जागच्या जागी असल्यामुळे दुकानदार देवाला नमस्कार करून कामाला लागतो आणि ठाण्याला काही कळत नाही. त्या दिवशीची तारीख लिहावी, आणि शटर कोणत्या बाजूने वाकले होते तेही लिहावे.